राऊटरचे दार उघडताना : पोर्ट फॉरवर्डिंगचा एक अभ्यासपाठ

शाळेच्या फाटकावर बसविलेले कॅमेरे, ग्रामपंचायतीच्या कचेरीत दप्तराच्या प्रती साठवून ठेवणारे यंत्र, वाचनालयातील संगणक ही उपकरणे आता खेडेगावांतही नवलाईची राहिलेली नाहीत. ती परस्परांशी तारेने वा बिनतारी जोडलेली असतात, आणि ज्या लहानशा पेटीतून ही सर्व जोडणी बाहेरच्या जगाशी होते, तिला राऊटर म्हणतात. कचेरीत बसून ही उपकरणे पाहता येतात. परंतु दिवाळीच्या सुटीत मुख्याध्यापकांना घरी बसून शाळेचे फाटक पाहावयाचे असेल, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेल्या ग्रामसेवकाला कचेरीतील एखादी नस्ती हवी असेल, तर काय करावे, असा प्रश्न उभा राहतो.

याचे एक उत्तर म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. ही कृती अवघ्या काही मिनिटांची आहे. किंबहुना ती इतकी सोपी आहे, हीच तिच्यातील अडचण होय. दार उघडणे सोपे असते. उघडलेल्या दाराची राखण वर्षानुवर्षे करावी लागते. म्हणून प्रस्तुत पाठात ही कृती कशी करावी, ती केव्हा करू नये आणि केल्यास कोणती जबाबदारी आपल्यावर येते, या तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे.

वाडा आणि देवडी

जुन्या वाड्याची रचना आठवावी. बाहेरून वाड्याला एकच दरवाजा असतो आणि टपालासाठी पत्ताही एकच. आत मात्र ओसरी, माजघर, कोठी, कचेरी अशा अनेक जागा असतात व प्रत्येक ठिकाणी निरनिराळी माणसे राहतात. देवडीवर पहारेकरी बसलेला असतो. आतल्या माणसाने बाहेर निरोप धाडला, तर पहारेकरी त्याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आले की ते नेमक्या त्याच माणसाकडे पोहोचवितो. परंतु कोणी अनोळखी माणूस आपण होऊन दाराशी आला आणि कोणाला भेटावयाचे ते त्याला सांगता आले नाही, तर पहारेकरी त्याला आत सोडीत नाही.

राऊटर नेमके हेच काम करतो. बाहेरच्या जगाला आपल्या शाळेचा किंवा कचेरीचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र अंतर्गत पत्ता असतो. आतून निघालेल्या मागणीचे उत्तर राऊटर परत योग्य उपकरणाकडे पाठवितो. बाहेरून आपण होऊन आलेली मागणी मात्र तो टाकून देतो, कारण ती कोणाकडे द्यावयाची, याची नोंद त्याच्यापाशी नसते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली कायमची आज्ञा होय: "अमुक क्रमांक सांगून जो येईल, त्याला थेट अमुक खोलीकडे पाठवावे." ही आज्ञा देताच त्या क्रमांकापुरता पहारा उठतो, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

पत्त्यांची टंचाई

ही व्यवस्था मुळात संरक्षणासाठी निर्माण झाली नाही. ती टंचाईतून निर्माण झाली. इंटरनेटवरील पत्त्यांची जी चौथी आवृत्ती १९८१ साली निश्चित झाली, तिच्यात प्रत्येक पत्ता ३२ द्विमान अंकांचा आहे. त्यामुळे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतकेच होतात. त्या काळी ही संख्या अमाप वाटली. परंतु पुढे प्रत्येक कचेरी आणि प्रत्येक घर जोडले जाऊ लागले. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा या टंचाईची चाहूल जगभर लागलेलीच होती.

उपाय म्हणून १९९४ साली पत्त्यांच्या अदलाबदलीची पद्धत मांडण्यात आली आणि १९९६ साली काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते ते हेच. शेजारच्या दोन घरांत १९२.१६८.१.५ हाच पत्ता असू शकतो आणि त्यात गोंधळ होत नाही, कारण हे पत्ते देवडीबाहेर जातच नाहीत. एवढे करूनही ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे गट वाटून संपले. या टंचाईचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

पोर्ट म्हणजे काय

एकाच यंत्रावर अनेक कामे चालू असतात. आलेली मागणी कोणत्या कामासाठी आहे हे ओळखण्यासाठी पत्त्याबरोबर एक क्रमांक येतो. तो क्रमांक म्हणजे पोर्ट. जिल्हा कचेरीचा पत्ता एकच असला, तरी जन्मनोंदीची खिडकी वेगळी आणि सातबाऱ्याची वेगळी असते, तसेच हे आहे. पोर्टचे क्रमांक ६५५३५ पर्यंत असतात. त्यांपैकी काही रूढ झालेले आहेत: साध्या संकेतस्थळासाठी ८०, गुप्त लिपीने बांधलेल्या संकेतस्थळासाठी ४४३, संगणकाच्या दूरस्थ पडद्यासाठी ३३८९ आणि कॅमेऱ्याच्या चलच्चित्रासाठी ५५४.

दळणवळणाच्या पद्धतीही दोन आहेत. टीसीपी या पद्धतीत प्रत्येक भागाची पोच घेतली जाते. यूडीपी या पद्धतीत पोच घेतली जात नाही, म्हणून ती अधिक जलद असते. पहिली पोचपावतीच्या पत्रासारखी, तर दुसरी साध्या टपालासारखी. राऊटरला आज्ञा देताना यांपैकी कोणती हवी, ते सांगावे लागते. हे उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

आरंभापूर्वीची परीक्षा

अनेक जण सर्व कृती बिनचूक करतात आणि तरीही जोडणी होत नाही. त्याचे कारण बहुधा पुढील परीक्षा न करणे हे असते. राऊटरच्या पडद्यावर बाहेरील जोडणीच्या भागात एक पत्ता दिसतो. तो टिपून घ्यावा. त्यानंतर शाळेच्याच संगणकावरून, आपला पत्ता दाखविणारे एखादे संकेतस्थळ उघडून तेथील पत्ता टिपावा. दोन्ही पत्ते एकच असतील तर पुढे जाण्यास हरकत नाही.

ते भिन्न असतील, तर आपल्या देवडीबाहेर आणखी एक देवडी आहे असे समजावे. राऊटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधील असेल, तर ती दुसरी देवडी सेवा पुरविणाऱ्या कंपनीची आहे. पत्त्यांच्या टंचाईमुळे कंपन्या अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, आणि त्यासाठी हा पट्टा २०१२ साली राखून ठेवण्यात आला. काही कंपन्या याच कामासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा वेळी आपण आपले दार कितीही उघडले, तरी बाहेरचा दरवाजा बंदच राहतो. कंपनीकडे अर्ज करून, बहुधा जादा शुल्क भरून, स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा एक उपाय आहे.

कित्येकदा दुसरी देवडी आपल्याच इमारतीत असते. कंपनीने बसविलेली पेटी आणि आपण विकत आणलेला राऊटर, असे दोन पहारेकरी एकापाठोपाठ बसलेले असतात. त्या वेळी कंपनीच्या पेटीला केवळ तार पुढे नेण्याचे काम द्यावे, म्हणजेच ती ब्रिज पद्धतीवर ठेवून घ्यावी.

प्रत्यक्ष कृती

उदाहरणादाखल एक शाळा घेऊ. तेथील राऊटरचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे यंत्र, ज्याला डीव्हीआर म्हणतात, ते त्याला तारेने जोडलेले आहे. कृतीचा क्रम असा:

१. राऊटरचा पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहून राऊटरच्या व्यवस्थापन पडद्यावर जावे. अंक इंग्रजीतच लिहावेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असेल, तर तो याच क्षणी बदलावा. हे न करता पुढची पायरी चढू नये.

२. डीव्हीआरला अंतर्गत पत्ता कायमचा नेमून द्यावा. राऊटर एरवी उपकरणांना तात्पुरते पत्ते वाटतो आणि वीज जाऊन आल्यावर ते बदलू शकतात. आज ज्या खोलीची आज्ञा दिली, त्या खोलीत उद्या दुसराच कोणी राहावयास येईल. हे टाळण्यासाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय राऊटरमध्ये असते. त्या ठिकाणी यंत्राच्या तळाशी छापलेला मॅक क्रमांक लिहून त्यापुढे १९२.१६८.१.५० असा पत्ता नेमावा.

३. डीव्हीआरचा पासवर्डही बदलावा आणि निर्मात्याने दिलेली नवी आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, बसवून घ्यावे. ज्या यंत्रासाठी निर्मात्याने अशी दुरुस्ती देणे थांबविले आहे, ते बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये.

४. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग हा विभाग शोधावा. काही राऊटरांत त्याला व्हर्च्युअल सर्व्हर असे म्हटलेले असते, तर काहींत तो नॅट या शीर्षकाखाली असतो.

५. नवी नोंद करावी. नाव: शाळा डीव्हीआर. बाहेरील पोर्ट: २०४४३. अंतर्गत पत्ता: १९२.१६८.१.५०. अंतर्गत पोर्ट: ४४३. पद्धत: टीसीपी. कोणत्या पत्त्यावरून येणाऱ्यास प्रवेश द्यावा, असा रकाना असल्यास आणि पाहणाऱ्याचा पत्ता स्थिर असल्यास तो अवश्य भरावा. नोंद जतन करावी.

६. तपासणी बाहेरून करावी. मोबाइलची वायफाय जोडणी बंद करून, मोबाइल कंपनीच्या डेटावरून शाळेचा सार्वजनिक पत्ता, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि २०४४३ असे लिहून पाहावे. पत्त्यापूर्वी 'एचटीटीपीएस' हे अक्षर लिहिण्यास विसरू नये. शाळेच्याच वायफायवरून तपासणी केल्यास ती फसू शकते, कारण आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी मागणी पुष्कळसे राऊटर हाताळीत नाहीत. त्यावरून जोडणीच झाली नाही असा चुकीचा समज होतो.

७. सार्वजनिक पत्ता वेळोवेळी बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएस ही सेवा घ्यावी. तिच्यामुळे बदलत्या पत्त्याला एक न बदलणारे नाव मिळते.

जोडणी न झाल्यास

प्रथम दोन्ही पत्त्यांची परीक्षा पुन्हा करावी. मग शाळेच्या आतून १९२.१६८.१.५० हा पत्ता उघडतो का, ते पाहावे. आतूनच उघडत नसेल, तर दोष राऊटरच्या आज्ञेत नसून यंत्रात आहे. आतून उघडतो आणि बाहेरून नाही, अशा वेळी डीव्हीआरमधील गेटवेचा रकाना पाहावा. तो चुकीचा असल्यास मागणी यंत्रापर्यंत येते, परंतु उत्तर बाहेर जाण्याची वाट यंत्राला माहीत नसते. संगणक उघडावयाचा असल्यास त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही परवानगी द्यावी लागते. शेवटी, आपली सेवा कंपनी काही ठराविक पोर्ट अडविते का, याची चौकशी करावी.

उघड्या दाराचा धोका

"आमच्या खेड्यातली शाळा, आमच्याकडे कोण येणार?" असा प्रश्न कोणी विचारील. तो विचारणारा माणूस इंटरनेटला एखाद्या रस्त्याप्रमाणे समजतो, जेथे आडगावी फारसे कोणी फिरकत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे साधन तयार केले की, एकाच संगणकावरून चांगल्या गतीच्या जोडणीने चौथ्या आवृत्तीतील सर्व पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे का, हे ४५ मिनिटांच्या आत तपासता येते. तेथे खेडे आणि शहर हा भेदच उरत नाही. म्हणून बाहेरचा क्रमांक ४४३ ऐवजी २०४४३ ठेवल्याने दार लपत नाही. ते सापडावयास थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

दुसरे उदाहरण २०१६ सालचे आहे. मिराई नावाच्या एका घातक आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राऊटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी सुमारे साठ नावे व पासवर्ड तिच्यापाशी होते आणि उघड्या दारावर ती एकेक वापरून पाहत असे. या उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकन कंपनीच्या नामसेवेवर एकाच वेळी मागण्यांचा असा मारा केला की, अनेक मोठी संकेतस्थळे कित्येक तास बंद पडली. ज्यांचे कॅमेरे या कामी वापरले गेले, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे नेहमीप्रमाणे चालूच होते. यंत्र बंद करून चालू केल्यास मिराई नाहीशी होत असे. परंतु पासवर्ड तोच राहिल्यास काही मिनिटांत ती परत येत असे.

शाळेच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. या कॅमेऱ्यांत आपल्या मुलांचे चेहरे आहेत. त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आहेत. कचेरीच्या यंत्रात गावकऱ्यांचे दाखले आणि आधार क्रमांक आहेत. ही माहिती आपल्या मालकीची नाही. ती आपल्या स्वाधीन केलेली आहे. स्वतःच्या घराचे दार उघडे ठेवणे आणि गावाच्या कोठाराचे दार उघडे ठेवणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

यासाठी काही निर्बंध पाळावेत. संगणकाचा दूरस्थ पडदा, म्हणजे ३३८९ हा पोर्ट, थेट उघडू नये. धारिका वाटण्याचा ४४५ हा पोर्ट तर कधीच उघडू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने याच वाटेने प्रवेश केला होता. राऊटरचा स्वतःचा व्यवस्थापन पडदा बाहेरून उघडण्याची सोय बंद ठेवावी. यूपीएनपी नावाची जी सोय असते, तिच्यामुळे आतील उपकरणे कोणालाही न विचारता स्वतःच दारे उघडून घेतात. तीही बंद करावी. आणि एखाद्या उपकरणासाठी सगळेच पोर्ट उघडणारी डीएमझेड ही सोय, काम लवकर व्हावे म्हणून, कोणी सुचविल्यास ती नाकारावी.

अधिक सुरक्षित वाट

मग दूरून पाहूच नये काय? तसे नाही. प्रत्येक खोलीसाठी वेगळे दार उघडण्यापेक्षा एकच भक्कम दार ठेवावे आणि ज्याच्यापाशी किल्ली आहे त्यालाच आत घ्यावे, ही व्हीपीएनची कल्पना आहे. मुख्याध्यापकांचा मोबाइल गुप्त लिपीच्या भुयारातून शाळेच्या जाळ्यात येतो आणि मग शाळेतच बसल्याप्रमाणे १९२.१६८.१.५० हा पत्ता उघडतो. डीव्हीआर बाहेरच्या जगाला दिसतच नाही. आजकालच्या पुष्कळ राऊटरांत ही सोय असते. वायरगार्ड या पद्धतीत सामान्यतः यूडीपीचा ५१८२० हा एकच पोर्ट उघडावा लागतो, आणि किल्ली जुळली नाही तर ते दार उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला तेथे दार आहे हेही कळत नाही.

जेथे सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तेथे आतील उपकरण स्वतः बाहेरच्या एखाद्या केंद्राशी जोडणी करते आणि आपणही त्याच केंद्रातून त्याला पाहतो. कॅमेरा कंपन्यांची मोबाइलवरील साधने बहुधा अशीच चालतात. यात राऊटरचे दार उघडावे लागत नाही. मात्र चित्रण दुसऱ्याच्या केंद्रातून जाऊ शकते, म्हणून ती कंपनी विश्वासार्ह आहे की नाही हे पाहावे लागते. पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा असल्याने टंचाई उरत नाही आणि फॉरवर्डिंगची गरजही राहत नाही. तेथे फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते. दार वेगळे असले, तरी राखणीचा नियम तोच.

नोंदवही आणि जबाबदारी

कचेरीतील किल्ल्यांची नोंदवही असते, तशी उघडलेल्या पोर्टचीही असावी. कोणता पोर्ट, कोणत्या उपकरणासाठी, कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेस उघडला आणि तो केव्हा बंद करावयाचा, हे पाच रकाने पुरेसे आहेत. कॅमेरे बसविणारा कारागीर काम संपवून जातो आणि त्याने उघडलेले दार मागे राहते. मुख्याध्यापकांची बदली होते आणि नव्या मुख्याध्यापकांना त्या दाराची खबरही नसते. म्हणून कार्यभार सोपविताना ही नोंदवही आणि राऊटरचा पासवर्ड दोन्ही सोपवावेत आणि पासवर्ड लगेच बदलावा. दर तीन महिन्यांनी राऊटरमधील नोंदी वहीशी ताडून पाहाव्यात. जी नोंद वहीत नाही, ती राऊटरमध्येही नको.

अनधिकृत प्रवेशाची शंका आल्यास प्रथम ते उपकरण बाहेरच्या जोडणीपासून तोडावे, मात्र त्यातील नोंदी पुसू नयेत. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये गुन्हा आहे. सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेस कळविले पाहिजे, असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

सारांश, दार उघडण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हे दार खरोखर हवे आहे काय? किल्लीचे एकच दार पुरणार नाही काय? आणि उद्या मी येथे नसलो, तर ते बंद कोण करील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिलेले नसेल, तर दार उघडू नये.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या किंवा कचेरीच्या राऊटरवरील बाहेरील पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा पत्ता यांची तुलना करा. आपल्या देवडीबाहेर दुसरी देवडी आहे काय?
२. राऊटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगच्या सर्व नोंदींची यादी करा. प्रत्येक नोंद कोणी व कशासाठी केली, ते शोधून काढा.
३. यूपीएनपी चालू आहे की बंद, ते पाहा. चालू असल्यास वरिष्ठांच्या संमतीने ते बंद करा आणि कोणती उपकरणे अडली, ते टिपून ठेवा.
४. डीव्हीआरचा अंतर्गत पत्ता कायमचा न नेमल्यास काय घडू शकेल, हे वाड्याच्या दृष्टान्ताने विद्यार्थ्यांना समजावून सांगा.